रेडियमची पट्टी, लाल ब्लिंकर आणि जाकीट: कापसाची ट्रॉली चालू कामाच्या रस्त्यावरून नेणाऱ्यांसाठी

यंदा वेचणीच्या तोंडावर ट्रॉलीसाठी तीन वस्तू घेतल्या. रेडियमची पट्टी, चुंबकाचा लाल ब्लिंकर आणि अंगात घालायचं चमकणारं जाकीट. घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. पट्टी घ्या, बिनदिक्कत घ्या. जाकीट घ्या, पण त्यावरची चंदेरी पट्टी तपासून. ब्लिंकर मी घेतला तसला असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

आता सविस्तर. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. कोरडवाहू शेती, कापूस नि तूर. कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचा रस्ता गेल्या वर्षापासून उकरून ठेवलेला आहे. जुनं डांबर काढलं, एका बाजूला सिमेंट काँक्रीट टाकणं चालू, उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून येणारी-जाणारी सगळी वाहतूक, आणि प्रत्येक नाल्यावर जुना रपटा तोडून बाजूनं मुरमाचा वळणरस्ता. रस्त्याचं नाव लिहीत नाही, ठेकेदाराचं तर नाहीच. तुम्ही विदर्भात कुठंही राहत असाल तरी असा एखादा रस्ता तुमच्या पाठीला आणि मणक्याला ओळखीचा असेलच.

काम लांबतं याचा मला फार राग नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर डांबर टिकत नाही म्हणून सिमेंट टाकतात हे कळतं. सिमेंटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, तोवर ती बाजू बंद राहणार हेही कळतं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबराचा एक पदर (एक लेन) १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीजच्या पुस्तकात नाव गेलं. तो विक्रम आमच्याच विभागातला. आमच्या रस्त्याला ती गती नको, फक्त रात्री कुठं रस्ता आहे आणि कुठं खड्डा आहे तेवढं दिसलं तरी आम्ही टाळ्या वाजवू.

इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ नावाची मार्गदर्शिका आहे, खास चालू कामाच्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी. तिच्यात अशा रस्त्याचे चार भाग पाडलेत. आधी सूचना देणारा, मग गाड्या हळूहळू बाजूला घेणारा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी परत मूळ रस्त्यावर आणून सोडणारा. आमच्याकडं सरळ तिसराच भाग सुरू होतो. सूचना म्हणून चुना फासलेले दगड, मातीनं भरलेली सिमेंटची पोती आणि एखाद्या ठिकाणी खोचलेली बाभळीची फांदी. दिवसा ते चालून जातं. रात्री धुळीनं माखलेलं पोतं आणि त्यामागची माती एकच दिसते.

(२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलंय. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे बारा-तेरा क्विंटल कापसाचे पैसे. असो.)

आम्ही रात्री का जातो, हे शहरातल्या वाचकांसाठी. जिनिंगच्या फाटकावर नंबर लागतात. पहाटे पोचलात तर दुपारपर्यंत काटा होतो, सकाळी निघालात तर मुक्काम तिथंच, ट्रॉलीखाली. म्हणून रात्री जेवून निघायचं. भरलेली ट्रॉली पंधराच्या वर पळत नाही. सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, ट्रॅक्टर चालवतो, मी मागून मोटारसायकलवर. मागं माणूस ठेवायची पद्धत जुनीच आहे, दोर सैल झाला, ताडपत्री उडाली तर कळावं म्हणून. त्यामुळं एक झालं, मागून येणाऱ्याला आपली ट्रॉली कशी दिसते हे मला रोज पाहायला मिळालं. दिसतच नव्हती.

कापसाची अडचण ऊसवाल्यांपेक्षा वेगळी आहे. ऊसपट्ट्यात गाळप सुरू झालं की कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून देतात, फोटोसकट बातम्या येतात. कापसाच्या ट्रॉलीला कुणी वाली नाही. शिवाय कापूस हलका. वजन भरायचं म्हणजे फाळक्याच्या (ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्याच्या) वर माणूसभर उंच आणि दोन्ही बाजूंना हातभर बाहेर भरावा लागतो. मागच्या फाळक्यावरून तो असा लोंबतो की टेललाइट, नंबरप्लेट, सगळं त्याखाली जातं. वरून करडी ताडपत्री. धुळीच्या रस्त्यावर करडी ताडपत्री म्हणजे अंधारच.

आता हिशोब बघा. मागून गाडी ताशी ६० नं येते, ट्रॉली १५ नं चालली आहे. दोघांतलं अंतर ताशी ४५ नं कमी होतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. डिप्परवर, म्हणजे हेडलाइट खाली केल्यावर, पुढचे पन्नास-साठ मीटर नीट दिसतात. म्हणजे दिसल्यापासून आदळेपर्यंत चार-पाच सेकंद, आणि त्यातले दोन-अडीच सेकंद डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतात. रस्ते आखणारे इंजिनिअर ताशी ६० च्या गाडीला थांबायला ८० मीटर धरतात आणि ८० च्या गाडीला १२० मीटर, तेही चांगल्या रस्त्यावर. मुरमावर, गिट्टीवर, टँकरनं नुकतंच पाणी मारलेल्या वळणरस्त्यावर किती लागेल त्याचा अंदाज तुम्हीच करा. समोरून टिप्पर अप्पर मारत येत असेल तर ते पन्नास मीटरही विसरा.

पट्टी यवतमाळला बसस्टँडकडच्या एका ऑटो पार्ट्सच्या दुकानातून घेतली. "रेडियम दाखवा" म्हटल्यावर दुकानदारानं काउंटरवर दोन रोल टाकले.

"हे वीस रुपये मीटर, हे साठ. चमकते दोन्हीही."

मग साठवालं कायले घ्यावं, असं विचारलं तर म्हणाला, "कंपनीचं आहे न भाऊ." हे काही उत्तर झालं नाही. दोन्हींचा वीत-वीत तुकडा मागितला, शटरला चिकटवला आणि रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिलो. संध्याकाळ झालीच होती. मोबाइलचा टॉर्च कानशिलाला लावून धरला. तो इकडून ओरडला, "पट्टी घ्याले आले का पेपर तपासाले?" पण त्यालाही उत्सुकता होती, थोड्या वेळानं तोच आला आणि माझ्या शेजारी उभा राहून पाहू लागला. काउंटरवर दोन्ही सारख्याच चमकत होत्या. रस्त्यापलीकडून वीसवाली फिकट गुलाबी, साठवाली विस्तवासारखी.

टॉर्च डोळ्याशेजारीच धरायचा, हे महत्त्वाचं. ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. जिकडून उजेड आला तिकडंच परत पाठवते, इकडंतिकडं सांडत नाही. म्हणून हेडलाइटच्या मागं बसलेल्या ड्रायव्हरला ती झगझगीत दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला साधी. टॉर्च कमरेशी धरून पाहिलं तर चांगली पट्टीही भिकार वाटेल. स्वस्त पट्टीत काचेचे बारीक मणी असतात, महागात प्लॅस्टिकच्या आत बारीक कंगोरे, जवळून पाहिलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटीची नक्षी दिसते. वाहनांसाठीच्या खऱ्या पट्टीवर थोड्या-थोड्या अंतरावर छापलेलं चिन्ह असतं, त्यात १०४आर असं इंग्रजीत दिसतं. आपल्याकडच्या मानकाचं नाव एआयएस ०९०. हे छापलेलं नसेल तर ती सायकलच्या मडगार्डला ठीक आहे.

रंगाबद्दल गावात भलताच घोळ आहे. ज्याला जो मिळाला तो लावला. नियम साधा आहे, मागं लाल, पुढं पांढरा, बाजूला पिवळा. मागं पांढरी पट्टी लावली तर मागच्याला वाटतं समोरून कुणी येतंय. आणि आमच्या एका शेजाऱ्यानं मागच्या फाळक्यावर नारिंगी-पांढरे आडवे पट्टे ओढलेत, रस्त्याच्या कामावर ड्रम असतात तसे. हौस दांडगी, पण चालू कामाच्या रस्त्यावर असले पट्टे म्हणजे ड्रमच. मागचा माणूस समजतो की जागेवर उभी असलेली वस्तू आहे, बाजूनं काढून घेऊ. ती वस्तू चालते आहे आणि तिच्यापुढं अकरा फूट ट्रॅक्टर आहे, हे त्याला उशिरा कळतं.

चिकटवताना मेहनत आहे. ट्रॉलीच्या गंजलेल्या पत्र्यावर सरळ लावली तर गंजासकट निघते. आम्ही दोन इंच रुंद अॅल्युमिनियमची पट्टी आणली, थिनरनं पुसली, भर दुपारी उन्हात तापू दिली आणि त्यावर रेडियम दाबून बसवलं. थंडीत सकाळी लावलेलं नीट चिकटत नाही. मग ती अॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट मारून फाळक्याला आणि चेसिसच्या आडव्या लोखंडाला बसवली. कोपरे गोल कापले, टोकदार कोपऱ्यातूनच पट्टी सुटायला लागते.

पण फाळक्यावरची पट्टी कापसाखाली झाकली जाणार, हे वर सांगितलंच. चेसिसवरची उघडी राहते, पण ती खाली, चाकाच्या धुळीत. ताडपत्रीला रेडियम चिकटतच नाही, चिकटवून पाहू नका. यावर तोड आमच्या सालदाराची. त्यानं घरातली जुनी खाटेची नवार काढली. हातभर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या पाट्यांवर रेडियम लावलं, पाट्यांना दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि एकाखाली एक नवारीला बांधल्या. भरलेल्या ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून या दोन माळा सोडायच्या, वरचं टोक ताडपत्रीच्या दोराला, खालचं चेसिसच्या हुकाला ताणून. बाहेर फुगलेल्या मालाच्या अगदी कडेला. रिकामी ट्रॉली परत येताना माळा गुंडाळून टूलबॉक्समध्ये. दोन उभ्या लाल रेषा दिसल्या की मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते, आणि एका पदराच्या रस्त्यावर उंचीपेक्षा रुंदी कळणं जास्त कामाचं. या सगळ्या खरेदीत सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती म्हणाल तर ती नवार, आणि ती फुकटची.

मोटारसायकलवरून मागं राहून पाहिलं. सरळ रस्त्यावर दोन-तीनशे मीटरवरूनही दोन लाल रेषा स्पष्ट. पूर्वी ओव्हरटेक करताना कार अगदी ट्रॉलीच्या शेपटाशी येऊन, ब्रेक दाबून, मग बाहेर निघायच्या. आता लांबूनच वेग कमी करतात, हे मागं बसून स्पष्ट जाणवतं. समोरून येणाऱ्या उजेडात मात्र पट्टी फिकी पडते. मागच्या गाडीचा डिप्पर आणि समोरच्याचा अप्पर अशी लढाई असली की पट्टीचं काही चालत नाही.

धूळ हा पट्टीचा खरा वैरी. क्रशरची पांढरी डस्ट आणि मुरमाची तांबडी, दोन्ही मिळून एका वळणरस्त्यात पट्टीवर असा थर बसतो की अर्धी चमक जाते. पाण्याची बाटली आणि फडकं ट्रॅक्टरवर ठेवा. काम संपून डांबरी रस्ता लागला की एकदा थांबून पुसा, बाजूला सुरक्षित जागा पाहून. पहाटेच्या दवानंही चमक कमी होते. पौषातल्या धुक्यात तर या वस्तूकडून फार अपेक्षा ठेवू नका. धुकं उतरलं तर आम्ही सरळ एखाद्या पेट्रोलपंपावर ट्रॉली आत घेतो. नंबर गेला तर गेला.

पट्टी मागच्याला थांबवते, आपली ट्रॉली थांबवत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात हे लक्षात ठेवून या रस्त्यावर उतरायचं. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकचे पायडल शेतात वेगळे ठेवतात, आखूड वळायला. रोडवर यायच्या आधी दोन्हींना जोडणारी पट्टी अडकवलीच पाहिजे. मुरमावर एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा आणि ट्रॉली त्याच्या अंगावर. मागच्या हंगामात आमच्या भागात असं झालेलं सगळ्यांनी पाहिलंय.

नाल्यावरचा वळणरस्ता सगळ्यात वाईट. सरळ उतार, खाली सिमेंटच्या नळ्यांवर टाकलेला मुरूम, लगेच चढ. उतरायच्या आधी वरच थांबून गिअर पाडायचा, उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर स्वप्नातही नाही. समोरून कुणी चढत असेल तर त्याला पूर्ण वर येऊ द्यायचं. चढणारा मधेच थांबला तर भरल्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. टिप्परवाले थांबत नाहीत, म्हणून आपणच थांबायचं. अहंकार जिनिंगच्या काट्यावर दाखवावा, तिथंही कुणी विचारत नाही ते सोडा.

दुसरी जागा म्हणजे नव्या काँक्रीटची कड. खालचा थर आणि वरचा स्लॅब मिळून दीड फुटापर्यंत उंची होते. ज्या बाजूला वाहतूक चालते ती खाली, आणि कडेला काहीच अडसर नाही. रात्री ही उभी कड दिसत नाही, सावलीसारखी वाटते. आणि उलटही होतं, वाहतूक नव्या स्लॅबवर सोडली की खाली पडायची भीती. ट्रॉलीचं चाक कडेवरून घसरलं की कापसाचा उंच माल एका बाजूला झुकतो आणि मग दोर काही धरत नाही. या पट्ट्यात ओव्हरटेक देण्यासाठी डावीकडं सरकू नका. मागचा हॉर्न वाजवत राहील, वाजवू द्या. रुंद जागा आली की हात दाखवून सोडा.

वरतीही बघा. रुंदीकरणात विजेचे खांब सरकवतात, तोवर काही ठिकाणी तारा तात्पुरत्या आणि खाली लोंबत्या असतात. कापसाचा ढीग उंच, वर बसलेला पोरगा त्याहून उंच. चालू कामाच्या रस्त्यावर मालावर कुणालाही बसू देत नाही आम्ही.

झेंडीवाल्याबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. एका पदराच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस असतो, एक बाजू सोडायची, एक अडवायची. दिवसा लाल-हिरवी झेंडी, रात्री लाल टॉर्च, कधी नुसताच हात. बहुतेक पोरं लांबून आलेली, मराठी कळत नाही, अंगावर धड जाकीटही नाही. लोक त्याला शिव्या देऊन घुसतात आणि मधोमध टिप्परसमोर अडकतात. एकदा घुसलेली ट्रॉली मागं घेता येत नाही, दोन्ही बाजूंची रांग तासभर उभी. आमचा सालदार त्याच्याजवळ ट्रॅक्टर बंद करून तंबाखू देतो आणि विचारतो, "तिकडून किती येऊन राह्यले बावा?" तो बोटं दाखवतो. मग आम्ही शेवटच्या गाडीचा रंग विचारून घेतो. ती गाडी गेली की निघायचं. दोन झेंडीवाल्यांकडं वॉकीटॉकी नसेल तर ही पद्धत चांगली चालते.

कारवाल्यांना एवढंच सांगणं आहे की ड्रमच्या किंवा दगडांच्या आत शिरलात की समोरच्या गाडीला अप्पर मारू नका, पुढच्यापासून अंतर ठेवा, आणि धुळीचा लोट दिसला की त्यात वाहन आहे असंच समजा.

आता ब्लिंकर. मोबाइलवरून मागवला, ३४९ रुपये. तीन तऱ्हांनी लुकलुकतो, खाली चुंबक, दोन सेल. जाहिरातीत तो ट्रकच्या छतावर चिकटवलेला दाखवलाय. आमच्या पहिल्याच नाल्यात चुंबकानं हात सोडले, तो मोटारसायकलच्या पुढ्यात येऊन पडला आणि लुकलुकत राहिला. नंतर तारेनं बांधला, तर झाकणातून धूळ शिरून बटण अडकलं. दवात एक रात्र राहिल्यावर आत पाणी दिसू लागलं. हे झालं मजबुतीचं. पण मजबूत असता तरी मी तो काढलाच असता. तो डोळ्याला इतका टोचतो की मोटारसायकलवरून मला बाजूचा रस्ता दिसेना. शिवाय कामावर आधीच सौर पिवळे ब्लिंकर चार-दोन ठिकाणी लुकलुकत असतात, त्यात आणखी एकानं मागच्याला अंतर कळत नाही. लुकलुकणारा दिवा अंधारात किती लांब आहे हे सांगता येत नाही, स्थिर दोन रेषा सांगतात. निळा-लाल लुकलुकणारा तर लावूच नका, तो पोलिसांच्या गाडीचा. त्यापेक्षा टेललाइटची वायर लांब करून दिवे नवारीच्या खालच्या टोकाशी आणा. आमच्या गावच्या वायरमननं दीडशे रुपयांत करून दिलं. तो दिवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, कायम सुरू, लाल आणि शांत.

ब्लिंकर परत करायचा प्रयत्न केला. "वापरलेला दिसतो" असं उत्तर आलं. वापरायलाच घेतला होता.

जाकीट. हिरवट-पिवळं, पुढंमागं चंदेरी पट्ट्या, १८० रुपये. ते ट्रॅक्टरवर बसलेल्यापेक्षा खाली उतरलेल्या माणसाला लागतं. पिन निसटली, टायर बसला, दोर आवळायचा आहे, अशा वेळी माणूस ट्रॉलीच्या मागं पाठ करून वाकलेला असतो, आणि बहुतेक अपघात याच वेळी होतात असं जुने ड्रायव्हर सांगतात. एक समजून घ्या, पोपटी रंग दिवसा आणि संधिप्रकाशात दिसतो, रात्री त्याचा काही उपयोग नाही. रात्री काम चंदेरी पट्टीचं. रस्त्यावर ८० रुपयांना जी मिळतात त्यांची पट्टी म्हणजे नुसता चंदेरी रंग असतो, मोबाइलच्या टॉर्चनं तपासली की भांडं फुटतं. १८० वाल्याची बरी निघाली, पण दोन-तीनदा धुतल्यावर घडीवर भेगा पडल्या. आता हातानं, थंड पाण्यात, न पिळता धुतो, म्हणजे घरचे धुतात आणि मला ऐकवतात. वाकल्यावर कंबरेखाली काही चमकत नाही, म्हणून उरलेल्या रेडियमची एक पट्टी टॉमीच्या दांड्याला आणि एक जॅकला लावली. ट्रॉलीमागं उभे करायचे दगड आम्ही टाळतो. काम झाल्यावर ते तिथंच राहतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नशिबी येतात.

खर्च. साठवाली पट्टी लाल, पिवळी, पांढरी मिळून वीस मीटर, १२०० रुपये. अॅल्युमिनियम आणि रिव्हेट साडेचारशे. वायरिंग दीडशे. जाकिटं दोन, ३६०. ब्लिंकर धरला तर सगळं मिळून अडीच हजारांच्या थोडं वर. ज्यांच्याकडं एकच ट्रॉली आहे आणि माल कमी, त्यांनी निदान मागच्या दोन माळा आणि चेसिसची आडवी पट्टी एवढं तरी करावं, सहा-सात मीटरमध्ये भागतं. लाल जास्त घ्या. बाजूचं पिवळं मी जास्त आणलं. ते बैलबंडीला लावून टाकलं, जुवाच्या दोन्ही टोकांना आणि साट्याच्या दोन्ही बाजूंना. मागं मात्र लाल.

दुकानदार चांगला माणूस. पट्टी मीटरवर कापून देतो, पूर्ण रोल गळ्यात मारत नाही. आता नवं गिऱ्हाईक आलं की तोच शटरला तुकडा चिकटवून त्याला रस्त्यापलीकडं पाठवतो म्हणे. वीसवाला रोल मात्र अजून विकतोच. विचारलं तर म्हणाला, "काय करता भाऊ, मांगतेत लोक."

पट्टी दिवाळीपासून लावलेली आहे. अॅल्युमिनियमवरची एकही कड सुटलेली नाही, चेसिसवरच्या पट्टीवर गिट्टी उडून दोन-तीन ठिकाणी डाग पडलेत, तेवढ्या जागी चमक गेली. नवारीची एक गाठ एकदा सुटली होती. आमच्याकडचं ४५-४६ अंशांचं ऊन आणि त्यातला चटका बसलेला पत्रा तिला अजून पाहायचा आहे. मृगापर्यंत टिकली तर इथंच खाली लिहीन, सुटली तरी लिहीन.